सर, ते ४०,००० कुठे गेले?

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. आमच्या डिस्टन्स एमबीएच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री पावणेबाराला एका विद्यार्थ्यानं स्क्रीनशॉट टाकला. मॅनेजमेंट अकाउंटिंगच्या व्हिडिओतला, १८ मिनिटं २२ सेकंदांवर थांबवलेला, त्यावर बोटानं काढलेला लाल गोल आणि खाली एकच ओळ, "सर, ते ४०,००० कुठे गेले?" उदाहरण साधं होतं. विक्री किंमत २५० रुपये, व्हेरिएबल कॉस्ट (नगागणिक वाढणारा खर्च) १७०, म्हणजे नगामागे कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे उरलेली रक्कम, ८०. फिक्स्ड कॉस्ट (नग कितीही केले तरी तेवढाच राहणारा खर्च) २,४०,०००. भागिले ८० केलं की ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा, ३,००० नग, इथपर्यंत त्याला सगळं येत होतं. पण पुढच्या स्लाईडवर एकदम २,००,००० भागिले ८०, उत्तर २,५०० नग, आणि शिकवणारे "हा झाला कॅश ब्रेक-इव्हन" एवढं म्हणून पुढच्या टॉपिकवर गेलेले. फिक्स्ड कॉस्टमध्ये ४०,००० घसारा (मशीनच्या झिजेपोटी हिशोबात धरलेली रक्कम) धरलेला आहे, घसाऱ्यापोटी खिशातून रोख पैसे जात नाहीत म्हणून इथे तो वजा करायचा, हे एक वाक्य एडिटिंगमध्ये कापलं गेलं की बोलायचंच राहून गेलं, ते आता कळायला मार्ग नाही.

मी त्या विषयाचा समंत्रक, रविवारी अभ्यासकेंद्रावर सत्र घेतो, तेव्हा ग्रुपवर रोज नसायचो, त्यामुळे तो मेसेज मी तिसऱ्या दिवशी बघितला. ग्रुपमध्ये २१४ जण आहेत. तोपर्यंत त्या प्रश्नाला ३१ अंगठे आले होते, उत्तर एकही नव्हतं. एकीनं लिहिलं होतं "मलापण हाच डाउट आहे", एकानं "कोणीतरी सांगा ना, शनिवारी पेपर आहे". मी पन्नास सेकंदांची व्हॉइस नोट पाठवली आणि विषय संपला. पण ते ३१ अंगठे माझ्या डोक्यातून गेले नाहीत, म्हणून हे लिहितोय.

कारण आमच्याकडे, म्हणजे शिकवणाऱ्यांमध्ये, एक वाक्य वर्षानुवर्षं चालत आलंय. "पोरं व्हिडिओ बघतच नाहीत हो." मीटिंग कुठलीही असो, हे वाक्य येतंच. मग कुणी म्हणतं त्यांना फक्त डिग्री हवी, कुणी म्हणतं मोबाईलमुळे लक्ष लागत नाही, कुणी म्हणतं आपल्या मुलांना समोर मास्तर लागतोच, व्हिडिओवरून शिकायची आपल्याकडे सवयच नाही. मी सोळा वर्षं हे काम करतोय आणि मला हे तिन्ही पटत नाही. ३१ जण १८ मिनिटं २२ सेकंदांपर्यंत पोचले होते ना! त्यांनी बघितलं, समजून घ्यायचा प्रयत्न केला, अडले, हात वर केला आणि हात वर केलेला बघायला पलीकडे कुणी नव्हतं. व्हिडिओ-शिक्षणाबद्दल विद्यार्थ्यांचं मत चांगलं की वाईट, असं आपण विचारत बसतो तेव्हा त्यांचं मत नेमकं कशाबद्दल आहे तेच आपण ऐकत नाही, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

आधी ही मुलं (मुलं म्हणतो, पण त्यातले निम्मे तिशीच्या पुढचे आहेत) व्हिडिओ बघतात कशी ते सांगतो. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे) काम करणारा मुलगा कंपनीच्या बसमध्ये जाताना अर्धा आणि येताना अर्धा असा बघतो, सेकंड शिफ्ट असेल तर येतानाचा राहतो कारण तेव्हा डोळे उघडे राहत नाहीत. एक ताई स्वयंपाक करताना एका कानात इअरफोन घालून फक्त ऐकतात आणि जिथे आकडे सुरू होतात तिथे हात पुसून मोबाईल हातात घेतात. थिअरीचे व्हिडिओ सगळे दीडपट नाहीतर दुप्पट स्पीडनं, पण अकाउंट्सचे, कॉस्टिंगचे, स्टॅट्सचे मात्र साध्या स्पीडनं, थांबवत थांबवत. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये एका अडत्याच्या गाळ्यावर हिशोब लिहिणारी एक मुलगी आमच्या बॅचला आहे, तिची वही मी एकदा बघितली. समासात पेन्सिलीनं वेळा लिहिलेल्या, ७:१०, ११:४५, २३:०५, आणि शेजारी "परत", "परत परत", एका ठिकाणी "झालं". मी तिला म्हटलं हे काय गं, तर म्हणाली, "सर, वर्गात परत विचारायला लाज वाटायची, इथे चौदा वेळा विचारलं तरी तो माणूस चिडत नाही."

हे वाक्य व्हिडिओच्या बाजूनं बोललेलं मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे. आणि ते खरं आहे. बीकॉम न करता एमबीएला आलेला इंजिनीअर, दहा वर्षांचा गॅप पडलेली गृहिणी, डेबिट-क्रेडिटला घाबरणारा सेल्समन, यांना मागे जाऊन परत बघता येणं म्हणजे वरदान आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हापासून हे खेड्यापाड्यातही जमायला लागलं. त्याआधी आमच्या केंद्रावर सीडी द्यायचे, ती लावायला घरी कॉम्प्युटर नसायचा, आणि सीडी वहीच्या मागच्या कव्हरमध्ये तशीच राहायची. तेव्हा कुणी व्हिडिओ वाईट असतो असं म्हणू नका. घसारा कसा काढायचा, एनपीव्ही (पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची निव्वळ किंमत) कसा काढायचा, स्टँडर्ड डेव्हिएशन कसं काढायचं, हे शिकवायला नीट केलेला व्हिडिओ माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी मनापासून मान्य करतो. मी दमतो, घाई करतो, फळ्यावर माझं अक्षर वाईट येतं.

अडचण येते ती पुढे. बिझनेसचं शिक्षण तिथे संपत नाही, खरं तर तिथे सुरू होतं.

त्या चाकणच्या मुलानं एका रविवारी सत्रात विचारलं, "सर, व्हिडिओत सांगितलं की डायरेक्ट लेबर व्हेरिएबल कॉस्ट. आमच्याकडे लाईनवर परमनंट ऑपरेटर आहेत, त्यांना ऑर्डर नसली तरी पगार द्यावाच लागतो. शेजारी काँट्रॅक्टचे आहेत, त्यांना ऑर्डर कमी झाली की दुसऱ्या दिवसापासून गेटपास बंद. काम दोघांचं तेच, मशीन तेच. मग लेबर फिक्स्ड की व्हेरिएबल?" बघा, हा प्रश्न म्हणजे अख्खं मॅनेजमेंट अकाउंटिंग आहे. पुस्तकातली व्याख्या खोटी नाहीये, पण ती लावायची कशी, हे कामगार कोणत्या करारावर आहे त्यावर ठरतं, किती काळाचा निर्णय आहे त्यावर ठरतं, आणि त्या "व्हेरिएबल" शब्दाच्या आड कुणाची तरी रोजीरोटी असते हेही त्यात आलं. त्या दिवशी आम्ही पाऊण तास त्यावरच होतो. एक जण एचआरमध्ये होता तो वेगळं बोलला, एक जण लेबर काँट्रॅक्टरकडे सुपरवायझर होता, तो आधी गप्प बसला आणि मग सगळ्यात जास्त बोलला. सिलॅबसमधले दोन टॉपिक राहिले त्या दिवशी, ते मी व्हिडिओवर बघा म्हणून सांगितलं आणि ते त्यांनी बघितलेही.

तसंच ती नारायणगावची मुलगी. व्हिडिओत वर्किंग कॅपिटल सायकल, म्हणजे धंद्यात घातलेला पैसा फिरून परत रोख होईपर्यंतचा फेरा, शिकवली होती. कच्चा माल, मग अर्धवट तयार माल, मग पक्का माल, मग उधारी, मग रोख. तिनं विचारलं, "आमच्या गाळ्यावर सकाळी क्रेट येतात, दुपारपर्यंत माल गाडीत भरून परराज्यात जातो. अर्धवट तयार माल कुठे आहे यात? आणि शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब करून पैसे, आम्ही लगेच करतो, व्यापाऱ्याचे पैसे मागाहून येतात, वर काही शेतकऱ्यांना सीझनच्या आधीच उचल दिलेली असते, क्रेटमध्ये पैसे अडकलेत ते वेगळेच. मग आमची सायकल सुरू कुठून होते?" मला सांगा, कुठल्या स्टुडिओत बसलेल्या प्राध्यापकाला हे सुचणार होतं? मला तरी नव्हतं सुचलं. माल हातात येण्याच्या दोन-तीन महिने आधीच पैसा बाहेर गेलेला असतो, म्हणजे सायकल सुरू होते उचल दिली त्या दिवशी, हे आम्ही सगळ्यांनी मिळून फळ्यावर मांडलं आणि ते मांडताना माझंही शिक्षण झालं.

पूर्णवेळ एमबीए करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाला केस, म्हणजे एखाद्या धंद्यातला खराखुरा पेच, छापून द्यावी लागते. आमच्या डिस्टन्सच्या मुलांकडे केस असतेच, रोज आठ-दहा तास ती त्या केसमध्येच असतात. बँकेत आहेत, पतसंस्थेत आहेत, मेडिकल दुकान चालवतात, एसटीत आहेत, साखर कारखान्याच्या अकाउंट्सला आहेत. व्यवस्थापन शिकवायला याहून चांगली सामग्री जगात कुठे मिळणार नाही, आणि एकतर्फी व्हिडिओ नेमकी तीच वाया घालवतो. तो बोलतो, त्यांना बोलू देत नाही. माझं मुख्य दुखणं हे आहे.

आणि हे काही नवीन शहाणपण नाही, आपल्याकडे हे पूर्वी लोकांना कळत होतं. मुंबई विद्यापीठानं १९७१ ला दूरशिक्षण सुरू केलं तेव्हा सगळं पोस्टानं. १५ ऑगस्ट १९८४ पासून यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) कंट्रीवाइड क्लासरूम हा कार्यक्रम दूरदर्शनवर यायला लागला, १९८५ ला इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आलं, १९८९ ला नाशिकला आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, "ज्ञानगंगा घरोघरी" म्हणत. २६ जानेवारी २००० ला ज्ञानदर्शन वाहिनी सुरू झाली. पुढे २००४ च्या सप्टेंबरात एज्युसॅट उपग्रह गेला, फक्त शिक्षणासाठी सोडलेला. या सगळ्यात टीव्हीवरच्या टेलिकॉन्फरन्सची पद्धत आठवा, चित्र एकाच बाजूनं यायचं पण आवाज दोन्ही बाजूंनी, म्हणजे तज्ज्ञ स्टुडिओत बसायचे आणि गावोगावचे विद्यार्थी फोन करून प्रश्न विचारायचे. फोन लागायला वेळ लागायचा, आवाज चिरकायचा, पण वाट ठेवलेली होती. त्याच दशकात एक्सएलआरआय, आयआयएम कोलकाता अशा नामवंत मॅनेजमेंट संस्थांनी नोकरी करणाऱ्यांसाठी सॅटेलाईटवरून वर्ग घेतले, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी शहरातल्या केंद्रावर जाऊन बसायचं, आणि तिथेही प्रश्न विचारायची सोय असायची. आज प्रत्येकाच्या खिशात दोन्ही बाजूंनी चालणारा कॅमेरा आहे, माईक आहे, आणि आपण मात्र आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या एकतर्फी व्हिडिओवर येऊन थांबलो. साधनं वाढली आणि वाट बंद झाली, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

बाहेर ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी काय केलं ते बघा. हार्वर्ड बिझनेस स्कूलची सगळी ओळखच केस मेथडची, आपल्या आयआयएम अहमदाबादनं १९६१ ला सुरुवात केली ती त्यांच्याच सहकार्यानं आणि केस मेथड तिथूनच घेतली. त्या हार्वर्डनं ऑनलाईन जायचं ठरवलं तेव्हा २०१५ ला बोस्टनमध्ये एका पब्लिक टीव्ही स्टेशनच्या इमारतीत स्टुडिओ बांधला, त्यात प्राध्यापकाच्या समोर पडद्यांची एक मोठी भिंत आणि त्यावर एका वेळी साठ विद्यार्थ्यांचे चेहरे. प्राध्यापक चालत जाऊन एकाच्या पडद्यासमोर उभा राहून विचारणार, तुम्ही या कंपनीचे मालक असता तर काय केलं असतं. त्यांचे प्राध्यापक जगातले नावाजलेले, त्यांचा नुसता रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लोकांनी पैसे देऊन बघितला असता, बघतातही. तरी त्यांनी ती भिंत बांधली, कारण चेहरा दिसल्याशिवाय, उलट उत्तर आल्याशिवाय केस शिकवता येत नाही हे त्यांना माहीत होतं. अमेरिकेतल्याच इलिनॉय विद्यापीठानं कोर्सेरा या ऑनलाईन कोर्सेस देणाऱ्या कंपनीबरोबर स्वस्तातला ऑनलाईन एमबीए काढला, तो इतका चालला की २०१९ ला त्यांनी कॅम्पसवरचा पूर्णवेळ एमबीए बंद करायचं जाहीर केलं. त्यातही रेकॉर्डेड व्हिडिओ आहेतच, पण जोडीला प्राध्यापकांची लाईव्ह सेशन्स ठेवली आहेत. आपण त्यांच्याकडून व्हिडिओ तेवढा उचलला.

आता व्हिडिओ सहा मिनिटांचाच हवा, या म्हणण्याबद्दल. २०१४ ला फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाईन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या कोर्सेसचा अभ्यास केला होता, जवळपास ६९ लाख वेळा व्हिडिओ बघितल्याच्या नोंदी तपासल्या, आणि त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात. तेव्हापासून आमच्याकडे जो तो म्हणतो छोटे व्हिडिओ करा. मग चाळीस मिनिटांचं जुनं लेक्चर घेतात आणि त्याचे सात तुकडे करतात. पण त्याच अभ्यासात पुढे हेही होतं की वर्गातल्या लेक्चरचं रेकॉर्डिंग तुकडे करून दिलं तर ते व्हिडिओसाठी मुद्दाम तयार केलेल्याइतकं धरून ठेवत नाही, नुसत्या स्लाईड्सपेक्षा मध्ये मध्ये शिकवणाऱ्याचा चेहरा आला तर फरक पडतो, आणि पेननं लिहीत लिहीत समजावलं तर लोक जास्त वेळ बघतात. म्हणजे काय, तर कुणीतरी माणूस माझ्यासमोर बसून माझ्यासाठी हे लिहितोय असं वाटलं पाहिजे. सहा मिनिटं लक्षात ठेवली आणि हा भाग सगळे विसरले.

मी स्वतः असे व्हिडिओ केलेत म्हणून सांगतो. मागे हिरवा पडदा, समोर दोन लाईट, आवाज रेकॉर्ड होतो म्हणून एसी बंद, समोर काचेवर अक्षरं सरकतात ती वाचायची. मी पंधरा-वीस मिनिटं बोललो आणि सवयीनं थांबून विचारलं, "समजलं का?" वर्गात हे विचारलं की मी तीन-चार चेहरे बघतो, मला माहीत असतं की तिसऱ्या बाकावरच्या काकांची मान हलली म्हणजे सगळ्यांना समजलंय, आणि नाही हलली तर मी परत मागे जातो. स्टुडिओत समोर काळी काच होती. एडिटिंग करणाऱ्या मुलानं नंतर अदबीनं विचारलं, "सर, ते 'समजलं का' काढून टाकू ना? तिथे चार सेकंद शांत जातायत." मी हो म्हटलं, कारण ठेवून करणार काय. पण मला त्या दिवशी कळलं की ते चार सेकंद म्हणजेच माझं शिकवणं होतं, बाकीचं पुस्तकात आहे.

रिचर्ड क्लार्क नावाच्या अभ्यासकानं १९८३ ला एक तुलना मांडली होती, माध्यम म्हणजे किराणा पोचवणारा ट्रक, ट्रक बदलला म्हणून खाणाऱ्याच्या अंगी लागणाऱ्या अन्नात फरक पडत नाही. मला ते बऱ्याच अंशी पटतं. आपले वाद मात्र सगळे ट्रकवर चालतात. ऑनलाईन चांगलं की ऑफलाईन, लाईव्ह की रेकॉर्डेड, ॲप कुठलं, रेझोल्युशन किती.

२०१७ च्या जुलैमध्ये स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाईन कोर्सेसचं पोर्टल सुरू झालं तेव्हा त्याचा आराखडा खरंच विचारपूर्वक केलेला होता. प्रत्येक कोर्सचे चार भाग ठरवले, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चेसाठी फोरम आणि मूल्यमापन. चौघांचं महत्त्व सारखं. नंतर बाकीच्या ऑनलाईन कोर्सेसनाही हीच चौकट लागू झाली. पण कागदावर सारखं असलं तरी प्रत्यक्षात पहिल्या भागाचं बजेट असतं, दुसऱ्याचं छपाई नाहीतर पीडीएफचं काम असतं, चौथ्याची तारीख असते, आणि तिसरा भाग म्हणजे एक रिकामी खिडकी. मी शिकवतो त्या कोर्सच्या फोरमवर गेल्या सेमिस्टरला नऊ प्रश्न होते, त्यातला सगळ्यात जुना प्रश्न हॉल तिकीट कधी मिळणार हा. मुलांनी फोरम कधीच सोडून दिला, ती व्हॉट्सअ‍ॅपवर आपापला ग्रुप काढून तिथे एकमेकांना विचारतात, जमेल तसं सांगतात, आणि कधी कधी चुकीचंही सांगतात.

आणि मग सेमिस्टरच्या शेवटी आम्ही त्यांचं मत घेतो. हॉल तिकीट डाऊनलोड करायच्या आधी फीडबॅक फॉर्म भरावा लागतो. त्यात काय विचारतो, व्हिडिओची क्वालिटी कशी होती, आवाज स्पष्ट होता का, स्लाईड्स वाचता आल्या का, विषयाची मांडणी कशी वाटली. एक ते पाच. मुलं सगळीकडे चार देतात आणि हॉल तिकीट घेतात. तुम्हाला शंका आली का, ती कुणाला विचारली, उत्तर किती दिवसांनी आलं, हे चार प्रश्नही नाहीत, तीनच आहेत, पण ते फॉर्ममध्ये नाहीत. मी दोनदा लेखी सुचवलं, अजून आलेले नाहीत. मग त्या चारच्या सरासरीवर कुणी म्हणतं विद्यार्थी समाधानी आहेत, आणि पोर्टलवरच्या व्ह्यूजवर कुणी म्हणतं विद्यार्थी उदासीन आहेत, आणि दोघांकडेही आकडे असतात!

आता तर काही ठिकाणी व्हिडिओ किती टक्के बघितला त्यावर इंटर्नल मार्क द्यायला लागलेत. याचं काय होतं ते एका विद्यार्थिनीनं मला सरळ सांगितलं, "सर, मी म्यूट करून लावून ठेवते आणि जेवून येते." हिला मी आळशी म्हणणार नाही. हीच मुलगी यूट्यूबवर मराठीतून कॉस्टिंग शिकवणाऱ्या कुणा दुसऱ्याच सरांचे तासभराचे व्हिडिओ बघते, कारण आमचे इंग्रजीत आहेत आणि तिथल्या कॉमेंटमध्ये विचारलं तर ते सर उत्तर देतात. जिथे उत्तर मिळतं तिथे ती तास देते. आपण मिनिटं मोजतो म्हणून ती आपल्याला मिनिटं देते.

याच्यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण मी हे बोलून बघितलंय. पहिलं म्हणजे बहुतेकांना फक्त डिग्री हवी असते, प्रमोशनसाठी. असेलही. ऑफिसमध्ये ग्रेड वाढायला पदव्युत्तर डिग्री लागते म्हणून आलेले माझ्याही बॅचला आहेत. पण प्रमोशनसाठी आलेला माणूस शिकायला तयार नसतो असं कुठे आहे? तो लेबर काँट्रॅक्टरकडचा सुपरवायझर तसाच आला होता, पहिली तीन सत्रं शेवटच्या बाकावर मोबाईल बघत होता, आणि त्याच्या कामाचा विषय निघाला तेव्हा पुढे येऊन फळ्यापाशी उभा राहिला. दुसरं म्हणजे लाईव्ह कसं घेणार, कुणाची फर्स्ट शिफ्ट, कुणाची थर्ड, कुणाला गुरुवारची सुट्टी, कुणाला रविवारची. बरोबर आहे, म्हणून मी सगळं लाईव्ह करा म्हणतच नाही. रात्री अडीचला विचारलेल्या प्रश्नाला रात्री अडीचला उत्तर नकोय त्याला, दोन दिवसांत मिळालं तरी पुरे, व्हॉइस नोटवर मिळालं तरी पुरे. आणि लाईव्ह घेतलं तर कॅमेरा बंद ठेवतात म्हणून रागावू नका, एका खोलीत पाच माणसं असतात, मागे सासरे टीव्ही बघत असतात, कॅमेरा बंद असण्याचा आणि लक्ष नसण्याचा काही संबंध नाही.

तिसरा मुद्दा पैशांचा, आणि तो खरा आहे. व्हिडिओ एकदा केला की हजारांना पुरतो, उत्तर देणारा माणूस पुरत नाही, विद्यार्थी वाढले की माणसं वाढवावी लागतात. मला सत्रामागे मानधन मिळतं. ग्रुपवर उत्तरं देतो त्याचं काही नाही, असाइनमेंट तपासायचे पैसे आहेत पण त्यावर दोन ओळी शेरा लिहायचे वेगळे नाहीत, म्हणून बहुतेक वह्या "पाहिले" आणि मार्क एवढ्यावर परत जातात. हे मी माझ्यासाठी मागत नाहीये, माझं पोट माझ्या नोकरीवर आहे. पण ज्या कामाला पैसे नाहीत ते काम व्यवस्थेत धरलेलंच नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि कॉस्टिंग शिकवणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. २०२० च्या यूजीसीच्या नियमांनंतर मान्यताप्राप्त डिस्टन्स आणि ऑनलाईन डिग्री नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची मानतात. डिग्री बरोबरीची असेल तर त्या विद्यार्थ्यानं विचारलेला प्रश्नही वर्गातल्या प्रश्नाच्या बरोबरीचा धरला पाहिजे, त्याच्यासाठी खर्च केला पाहिजे.

माझं मागणं मोठं नाही. नवीन स्टुडिओ एक वर्ष थांबवा. जे व्हिडिओ आहेत त्यातले आकडेमोडीचे ठेवा, त्यांची मराठीत एकेक आवृत्ती करा. थिअरीचे बरेचसे काढून टाका, ते पुस्तकात वाचता येतं आणि मुलं तसंही दुप्पट स्पीडनं पळवतात. वाचलेल्या पैशांतून प्रत्येक विषयाला, दर पन्नास-साठ विद्यार्थ्यांमागे एक असा माणूस ठेवा ज्याचं कामच उत्तर देणं आहे, आणि त्याचं मानधन उत्तरांवर ठरवा. आमच्या माजी विद्यार्थ्यांतून असे लोक मिळतील, ती नारायणगावची मुलगी यंदा पास होतेय, तिला मी आत्ताच विचारून ठेवलंय. सत्रातला अर्धा वेळ विद्यार्थ्यांच्या कामाच्या ठिकाणच्या प्रश्नांना द्या आणि ते प्रश्न लिहून ठेवा, दोन वर्षांत आपल्याकडे चाकण, नारायणगाव, इचलकरंजी, सांगली इथल्या केसेसचं एक पुस्तक तयार होईल, जे आत्ता कुठेच नाही. आणि फीडबॅक फॉर्ममध्ये ते तीन प्रश्न टाका.

तोपर्यंत मी माझ्या परीनं करतोय ते सांगतो. रोज रात्री जेवण झालं की वीस मिनिटं ग्रुप बघतो. १८:२२ चा प्रश्न दर बॅचला येतो हे आता मला माहीत झालंय, त्यामुळे ती पन्नास सेकंदांची व्हॉइस नोट मी सेव्ह करून ठेवली आहे. परवा नवीन बॅचच्या एका मुलानं तो स्क्रीनशॉट टाकला, मी नोट फॉरवर्ड करणार तेवढ्यात त्याच्याच खाली दुसरा मेसेज आला, "सर, पण आमच्या मालकानं मशीन कर्जावर घेतलंय, हप्ता तर दर महिन्याला खिशातून जातोच, मग घसारा वजा करायचा का नाही?" ती नोट त्याला चालणार नव्हती. मी त्याला लिहिलं की हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती ते बँकेच्या स्टेटमेंटवरून काढून आण, रविवारी आपण सगळे मिळून बघू.